केस परत आले, तरी मी म्हणते फसवलंच

आधीच सांगून टाकते, माझे केस आता छान आहेत, होते तेवढे दाट. पण ज्या हेअर क्लिनिकने पैसे घेतले त्यांच्यामुळे ते आलेले नाहीत, आणि या धंद्यातली खरी गोम तीच आहे म्हणून लिहितेय.

झालं असं की मला सणकून ताप येऊन गेला होता, त्यातून उठले, कामाला लागले, ताप विसरूनही गेले आणि मग दोन-अडीच महिन्यांनी केस गळायला लागले. गळायला म्हणजे बाथरूमची जाळी तुंबायची, कंगव्यात पुंजके, उशीवर केस, भांग रोज जरा जास्तच रुंद दिसतोय असं वाटायचं. रात्री मोबाइलवर "केस गळणे" शोधलं की दुसऱ्या दिवसापासून तुमच्या मागे त्याच जाहिराती लागतात हे तर सगळ्यांना माहितीये. त्यातल्याच एका हेअर क्लिनिकची "मोफत तपासणी" होती, गेले.

डॉक्टर भेटलेच नाहीत. पांढरा कोट घातलेली काउन्सेलर होती, बोलायला एकदम गोड. तिने चिमटीत केस धरून ओढले, हातात आलेला एक केस त्यांच्या त्या छोट्या कॅमेऱ्याखाली धरला आणि स्क्रीनवर भला मोठा करून दाखवला. टोकाला पांढरी गाठ. "बघा मॅडम, मुळासकट आलाय. या जागी आता केस उगवणार नाही." मग शेजारच्या पोस्टरवरच्या टकलाकडे बोट. पोटात गोळाच आला माझ्या.

आता ऐका. ती गाठ म्हणजे मूळ नव्हे. केसाचा वाढायचा काळ संपला की तो काही महिने नुसता बसून राहतो, त्या वेळी टोकाला अशी गाठ तयार होते आणि मग तो गळतो. ज्यातून केस उगवतो ते फॉलिकल कातडीच्या आतच राहतं आणि पुढचा केस त्यातूनच येतो. निरोगी माणसाचे रोज साधारण ५० ते १०० केस गळतात, त्यातला कुठलाही उचलून कॅमेऱ्याखाली धरा, बहुतेक वेळा ही गाठ दिसेलच. म्हणजे जे अगदी नॉर्मल आहे तेच मोठं करून दाखवायचं आणि घाबरवायचं!

आणि बाईंनी एकदाही विचारलं नाही की मध्यंतरी आजारी होतात का, ऑपरेशन, बाळंतपण, कडक डाएट, काही नवीन गोळ्या? काहीच नाही. सरळ पॅकेज. सहा महिन्यांचं, त्यात पीआरपी म्हणजे आपलंच रक्त काढून त्यातल्या प्लेटलेट टाळूत टोचायच्या, शिवाय सीरम, शाम्पू, बायोटिनच्या (एक बी जीवनसत्त्व) गोळ्या. आज सही केली तर सवलत, उद्या नाही. हप्त्यांचा फॉर्म तर भरूनच ठेवलेला. आणि मी केली सही.

खरं काय होतं ते मला पुढे त्वचारोगतज्ज्ञांकडे कळलं, तेही वेगळ्याच कारणाने गेले होते तेव्हा. त्यांचा पहिला प्रश्न, "गळती सुरू व्हायच्या दोन-तीन महिने आधी काय झालं होतं?" ताप म्हटल्यावर त्या हसल्याच. याला टेलोजेन एफ्लुवियम म्हणतात. शरीराला मोठा धक्का बसला की एरवी वाढत राहिले असते असे खूपसे केस एकदम त्या बसून राहायच्या अवस्थेत जातात आणि दोन-तीन महिन्यांनी सगळे मिळून गळतात. धक्का एकदाचाच असेल तर बहुतेक वेळा साधारण सहा महिन्यांत गळती आपोआप थांबते आणि नवे केस येतात. आता पॅकेज सहा महिन्यांचंच का होतं ते लक्षात आलं ना? वर "रिझल्टची गॅरंटी". द्यायला काय जातंय!

पीआरपी थोतांड आहे असं मी म्हणत नाहीये, आनुवंशिक टकलात काहींना उपयोग होतो, पण मला सुया टोचून घ्यायची गरजच नव्हती. आनुवंशिक प्रकारात मिनॉक्सिडिल आहे, मुळात रक्तदाबाचं औषध, टाळूला लावायला अमेरिकेत १९८८ मध्ये मंजूर झालं. पुरुषांसाठी फिनास्टेराइडची गोळी, १९९७ पासून. दोन्ही चिकाटीची कामं, फरक दिसायला काही महिने जातात, बंद केलं की फायदाही जातो, मिनॉक्सिडिलने तर सुरुवातीला गळती वाढतेसुद्धा. फिनास्टेराइडचे लैंगिक साइड इफेक्ट असू शकतात, गरोदर बाईने तर फुटलेली गोळी हाताळायचीही नाही, म्हणजे हे डॉक्टरांना विचारूनच. चाई पडते तो प्रकार आणखी वेगळा, त्यात आपलीच प्रतिकारशक्ती केसांवर उठते. क्लिनिकमध्ये मात्र सगळ्यांना एकच पॅकेज, माझ्या शेजारी बसलेल्या तरुण मुलालाही तेच.

बायोटिनची गंमत वेगळीच. गंमत कसली, घाबरले होते मी. थायरॉइडचा रिपोर्ट आला तो थायरॉइड जास्त काम करतंय असा. डॉक्टरांनी गोळ्यांचा डबा मागवला, बायोटिन बंद करायला लावलं, काही दिवसांनी पुन्हा तपासलं तर नॉर्मल! जास्त डोसच्या बायोटिनने काही रक्ततपासण्या चुकतात, अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, २०१७ मध्येच तसा इशारा दिलाय. बायोटिनची खरी कमतरता तशी दुर्मिळच, त्यापेक्षा फेरिटिन म्हणजे शरीरातला लोहाचा साठा बघून घ्या, बायकांनी तर नक्कीच.

फोटोंचंही सांगते. "आधी"चा फोटो ओल्या केसांचा, भांग पाडून, डोक्यावर थेट लाइट. "नंतर"चा कोरडे केस फुगवून, लाइट बाजूने. कॅमेऱ्याचंही तेच, आधी भांगावर, नंतर डोक्याच्या मागे, जिथे टक्कल पडणाऱ्यांचेही केस सहसा टिकून असतात. मी बोट ठेवून "इथे बघा ना" म्हटलं तर म्हणे सॉफ्टवेअर आपोआप जागा निवडतं.

पैसे परत मागितले. उत्तर आलं, "मॅडम, केस तर आलेत तुमचे!" आता बोला. वर माझे ते दोन फोटो त्यांच्या जाहिरातीत, डोळ्यांवर काळी पट्टी लावून. काढा म्हटलं तर फॉर्म पुढे केला, शेवटच्या पानावर बारीक अक्षरात फोटो वापरायची परवानगी आणि खाली माझी सही. तक्रार केलीये, बघू. तुमच्यापुढे असा फॉर्म आला तर ती ओळ आधी खोडा आणि खोडलेल्या पानाचा फोटो काढून ठेवा. मुळात सही त्या दिवशी करूच नका, फॉर्म घरी न्यायला मागा. देत नाहीत ते.