गॅलिशियातील चर्चनोंदींतून सासरचे मूळ शोधताना: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

माझे सासर कॅनडातील अल्बर्टा प्रांतातले, युक्रेनियन वंशाचे. नवऱ्याचे पणजोबा पहिल्या महायुद्धाच्या आधी ‘ऑस्ट्रियातून’ आले, यापलीकडे घरात कोणालाही काही सांगता येत नव्हते. सासूबाईंच्या आग्रहावरून मी हा शोध हाती घेतला आणि गेले अनेक महिने फॅमिलीसर्च या वंशावळी शोधण्याच्या विनामूल्य संकेतस्थळावरील नोंदवह्यांच्या प्रतिमा, वॉर्सा येथील ‘आगाद’ या अभिलेखागाराचे स्कॅन, पोलिश स्वयंसेवकांनी तयार केलेली ‘गेनेतेका’ ही सूची आणि शेवटी पैसे देऊन नेमलेला एक संशोधक, असे सगळेच वापरून पाहिले. आधीच सांगते की, विनामूल्य मिळणारी सामग्री अपेक्षेपेक्षा कितीतरी चांगली आहे. मात्र मूळ गावाचे नाव निश्चित झाल्याशिवाय तिचा काडीचाही उपयोग होत नाही, आणि ते नाव बहुधा युक्रेनमध्ये नव्हे तर कॅनडातच शोधावे लागते.

आजच्या पश्चिम युक्रेनचा मोठा भाग १७७२ ते १९१८ या काळात ऑस्ट्रियाच्या अमलाखालील गॅलिशिया प्रांतात मोडत होता. त्यामुळे तिथून आलेला माणूस कॅनडाच्या कागदपत्रांत कधी ऑस्ट्रियन, कधी गॅलिशियन, कधी रुथेनियन (युक्रेनियनांचे तेव्हाचे नाव), तर क्वचित पोलिश म्हणूनही नोंदलेला असतो. ‘युक्रेनियन’ हा शब्द जुन्या कागदांत शोधत बसण्यात अर्थ नाही. दहा डॉलर भरून १६० एकर जमीन मिळवताना पणजोबांनी केलेला अर्ज अल्बर्टाच्या प्रांतिक अभिलेखागारातून सहज मिळाला, पण जन्मस्थळापुढे लिहिले होते फक्त ‘गॅलिशिया’. हॅम्बर्ग बंदराच्या १८५० ते १९३४ या काळातील प्रवासी याद्यांमध्ये शेवटच्या वास्तव्याचे गाव दिलेले असते, हा मोठाच आधार आहे. तथापि ब्रेमेनमार्गे निघालेल्यांना तो नाही, कारण तिथल्या बहुतेक जुन्या याद्या उरलेल्याच नाहीत. आमचे काम शेवटी अल्बर्टातल्याच एका ग्रीक कॅथलिक (पोपला मानणाऱ्या, पण पूर्वेकडील विधी पाळणाऱ्या) चर्चच्या बाप्तिस्मा-वहीने केले. पणजोबांच्या मुलीच्या नोंदीत धर्मगुरूने आईवडिलांची गावे, तालुक्यासह, लिहून ठेवली होती. घरातल्या वडीलधाऱ्यांनी हा विषय कधी का काढला नाही, याचेही थोडेफार उत्तर मला वाचता वाचता मिळाले. पहिल्या महायुद्धात कॅनडा सरकारने ऑस्ट्रियाच्या सुमारे ८०,००० प्रजाजनांची, त्यांतही बहुतांश युक्रेनियनांची, ‘शत्रुदेशीय’ म्हणून नोंदणी केली आणि त्यांना वेळोवेळी हजेरी लावायला भाग पाडले. अशा काळात आपण कुठून आलो हे कोण मोठ्याने सांगेल?

गाव बोर्श्चिव तालुक्यातले निघाले. हा भाग आता तेर्नोपिल प्रांतात येतो. एकाच नावाची अनेक गावे असणे ही गॅलिशियातली नित्याची बाब असल्याने तालुका मिळेपर्यंत थांबण्यातच शहाणपण आहे. गाव कोणत्या पॅरिशमध्ये, म्हणजे कोणत्या चर्चच्या हद्दीत, होते हे ठरवण्यासाठी १८८० ते १९०२ या काळात प्रसिद्ध झालेला पोलिश भौगोलिक कोश आणि ग्रीक कॅथलिक धर्मप्रांतांच्या वार्षिक पुस्तिका, ज्यांना ‘शेमातिझम’ म्हणतात, या दोन गोष्टी पुरेशा ठरल्या. दोन्ही इंटरनेटवर फुकट मिळतात. १८८५ साली स्तानिस्लाविवचा स्वतंत्र धर्मप्रांत निर्माण झाला, त्यामुळे त्या वर्षाच्या आधी आणि नंतर आपली पॅरिश कोणत्या बिशपकडे होती हेही पाहून ठेवावे.

आता प्रत्यक्ष नोंदवहीविषयी, कारण खरा आनंद तिथेच आहे. सम्राट दुसरा योसेफ याने १७८४ साली चर्चच्या वह्यांना सरकारी दर्जा दिला आणि जन्म, विवाह व मृत्यू यांसाठी लॅटिन मथळ्यांचे रकाने ठरवून दिले. त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या वहीत आडनाव सांगितले की घराणे सापडते; इथे मात्र गाव आणि घर क्रमांक यांवरच सारी भिस्त असते. पणजोबांच्या जन्माच्या पानावर डावीकडे जन्म आणि बाप्तिस्मा यांच्या लागोपाठच्या तारखा, मग घर क्रमांक, त्यापुढे ‘बासिलियुस’ हे नाव, धर्म, लिंग आणि औरस-अनौरस यांच्या रकान्यांत फक्त उभ्या रेघा, आणि त्यानंतर आईवडिलांच्या रकान्यात बारीक अक्षरांत दोन्हींकडच्या आजी-आजोबांची नावे अशी मांडणी आहे. धर्माचे आईबाप म्हणून उभे राहिलेले दोघे ‘आग्रिकोला’, म्हणजे शेतकरी, आणि तळाशी सुईणीचे नाव. एका ओळीत तीन पिढ्या! तोच घर क्रमांक धरून मागे गेले की भावंडे, सावत्र आई आणि त्याच उंबऱ्यातले मृत्यू एकामागून एक समोर येतात. १८५५ सालच्या मृत्यूंच्या पानांवर कारणाच्या रकान्यात ‘कॉलेरा’ हा शब्द इतक्या वेळा येतो की पुढे पुढे धर्मगुरूने तो लिहिण्याऐवजी केवळ ‘वरीलप्रमाणे’ अशी खूण केली आहे. एक सावधगिरी अशी की आमच्या गावी मध्येच कधीतरी घरांचे क्रमांक बदलले गेले. त्या टप्प्यावर आडनाव, पत्नीचे नाव आणि शेजारी या तिन्हींचा मेळ बसल्याखेरीज पुढे जाऊ नये.

लॅटिन येत नसल्यामुळे अडत नाही, कारण शे-दीडशे शब्दांत काम भागते. अडते ते हस्ताक्षरावर आणि नावांवर. बासिलियुस, वासिल आणि अल्बर्टातला विल्यम हा एकच माणूस असू शकतो, हे मान्य केल्याशिवाय दुवे जुळत नाहीत. तारखांचीही हीच गत आहे. ग्रीक कॅथलिक पाळत असलेली जुनी ज्युलियन दिनदर्शिका आपल्या नेहमीच्या दिनदर्शिकेच्या एकोणिसाव्या शतकात बारा, तर १९०० नंतर तेरा दिवस मागे चालते, त्यामुळे घरात साजरा होणारा वाढदिवस आणि वहीतील तारीख यांत फरक पडला तर दचकू नये.

साधनांपैकी फॅमिलीसर्च सर्वांत उपयुक्त, पण वापरायला सर्वांत किचकट. पश्चिम युक्रेनमधील ल्विव्ह शहराच्या ऐतिहासिक अभिलेखागारातील २०१ क्रमांकाच्या ‘फोंद’मध्ये (संग्रहात), म्हणजे ग्रीक कॅथलिक कॉन्सिस्टरीच्या, अर्थात बिशपच्या कार्यालयाच्या, कागदांत, पॅरिशकडून दरवर्षी आलेल्या नकला आहेत आणि त्यांच्या प्रतिमा इथे पाहता येतात. नाव टाकून शोधल्यास बहुधा काहीच हाती लागत नाही. गावाच्या नावाने यादी काढून एकेक पान उलटावे लागते. काही प्रतिमा घरून उघडत नाहीत, त्यासाठी त्यांच्या केंद्रात जावे लागते. आगादचे स्कॅन स्वच्छ आहेत आणि थेट पाहता येतात. गेनेतेकाचा भर मुख्यतः रोमन कॅथलिक वह्यांवर असल्याने आमच्यासारख्यांना तिचा लाभ कमीच.

संशोधकाच्या बाबतीत मात्र मी समाधानी नाही. आगाऊ रक्कम घेऊन त्याने पाठवलेल्या बहुतेक प्रती इंटरनेटवर आधीच उपलब्ध असलेल्या पानांच्या होत्या. कोणाला नेमायचेच असेल तर फोंद, ‘ओपिस’ (त्यातील सूची) आणि ‘स्प्रावा’ (फाइल) हे तिन्ही क्रमांक आपण स्वतः शोधून द्यावेत आणि तेवढ्याच कामाचे पैसे ठरवावेत.

ज्यांचे पूर्वज रशियन साम्राज्यातील भागातून आले त्यांना हे सगळे लागू पडणार नाही. तिथे ऑर्थोडॉक्स वह्या आणि १८५८ पर्यंत चाललेल्या जनगणनेच्या ‘रेव्हिझ्स्की काझ्की’ या याद्या हा मार्ग आहे, आणि त्या भागातील पोदोलिया प्रदेशाबाबत तर २००३ साली कामियानेत्स-पोदिल्स्कीच्या अभिलेखागाराला लागलेल्या आगीत काय वाचले, हे आधी पाहावे लागते. साधारण ७५ वर्षांहून नव्या नोंदी अजून नागरी नोंदणी कार्यालयांकडे असतात आणि त्या केवळ नातेवाइकांना मिळतात. २०२२ पासूनच्या युद्धामुळे पत्रांना उत्तरे उशिरा येतात, याबद्दल तक्रार करण्याची माझी इच्छा नाही.

सध्या मी ल्विव्हमधील योसेफकालीन जमीन-मोजणीच्या १९ क्रमांकाच्या फोंदातील आमच्या गावाच्या कागदांची विचारणा केली आहे. १७८५ ते १७८८ या काळातल्या त्या यादीत घर क्रमांकासह जमीनधारकांची नावे असतात, आणि नोंदवह्यांतून हाती आलेला सर्वांत जुना पुरुष त्याच पिढीतला आहे.