कानातला मळ: मेणबत्ती की थेंब?

कानाची मेणबत्ती म्हणजे मेण लावलेल्या कापडाची पोकळ नळी; एक टोक कानात ठेवून दुसरं पेटवतात, त्यानं मळ ओढला जातो म्हणे. ती आता आमच्या यवतमाळकडच्या खेड्यातही ऑनलाइन येऊन पोचते. जळून झाल्यावर नळीत पिवळा भुगा दिसतो अन् घरचे म्हणतात, "पाहा, किती मळ निघाला!" तो मळ नाहीच. मेणबत्ती कानाबाहेर जाळली तरी तोच भुगा उरतो. ते मेण अन् जळकं कापड. १९९६ साली तपासलं तेव्हा मळ ओढलाच गेला नाही, उलट काही कानांत मेण सांडलं. भाजण्याची, पडदा फाटण्याची भीती वेगळीच.

कानात टाकायच्या औषधी थेंबांनी मळ काही दिवसांत मऊ होतो. गरज पडली तर डॉक्टर कोमट पाण्यानं कान धुतात; कोमटच, गार पाण्यानं चक्कर येते. कान वाहत असेल तर मात्र थेंबही टाकू नका, आधी दवाखान्यात दाखवा. आईच्या कानाला मी मेणबत्ती लावू देणार नाही.