दुनळीची दुरुस्ती आणि ‘लाकूडकाम, 1 नग’

माझ्या आजोबांनी स्वातंत्र्यापूर्वी मुंबईत विकत घेतलेली बर्मिंगहॅमची बारा बोअरची दुनळी बंदूक तीन पिढ्यांपासून आमच्या घरात आहे. आजोबा तिने शिकार करीत. 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आल्यावर ती बंद झाली आणि बंदूक शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर राहिली. सिंधुदुर्गातील आमच्या आंब्याच्या बागेत वानरे हुसकण्यासाठी वर्षाकाठी दहा-बारा बार हवेत काढायचे, एवढाच तिचा आताचा उपयोग. तिच्या दुरुस्तीत मी कसा फसलो आणि फसल्यावर तक्रार करण्याची सोयही माझ्याच हाताने कशी घालवून बसलो, हे परवानाधारकांना कळावे म्हणून लिहीत आहे.

2024 च्या लोकसभा निवडणुकीआधी आमच्या गावच्या परवानाधारकांना शस्त्रे जमा करण्याची पत्रे आली. जूनमध्ये, ऐन पावसात, बंदूक परत मिळाली तेव्हा नळ्यांवर तांबेरा चढला होता, दस्त्याला, म्हणजे खांद्याला टेकवायच्या लाकडी भागाला, मानेजवळ बारीक चीर गेली होती आणि मिटलेली बंदूक हलवली की बिजागरीत (काडतूस भरण्यासाठी नळ्या जेथे वाकून उघडतात त्या सांध्यात) किंचित लटपट जाणवत होती. ठासणीच्या, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू ठासून भरायच्या, बंदुका नीट करणारे लोहार आमच्या भागात पूर्वी होते. इंग्रजी दुनळी उघडून तिचे आतले काम समजणारा माणूस मात्र शोधावा लागतो. चौकशी करता करता जिल्ह्यातीलच एका शहरातील शस्त्रविक्रेत्याच्या दुकानात पोहोचलो. तेथे काम पाहणाऱ्या कारागिराने आपले पणजोबा एका संस्थानच्या शिलेखान्यात (शस्त्रागारात) होते असे सांगितले. दुकानाच्या भिंतीवरील जुन्या शिकारींची छायाचित्रे पाहून मला ते खरे वाटले, आणि आता आठवून लाज वाटते, पण त्या छायाचित्रांचा त्याच्याशी काय संबंध हे मी विचारलेही नाही.

त्याने बंदूक हातात घेतली, वाखाणली आणि मग एकेक दोष सांगू लागला. दस्ता आतून कुजला आहे, तो काश्मिरी अक्रोडाचा नवा करावा लागेल. बिजागरी सैल आहे, ती घट्ट करावी लागेल. काडतुसाची घरे, म्हणजे नळ्यांच्या मागच्या टोकाला काडतूस बसते त्या जागा, जुन्या मापाची आहेत, ती आजच्या 70 मिलिमीटरच्या काडतुसांसाठी वाढवून देतो आणि त्याचे वेगळे पैसे घेत नाही. एकूण 42 हजार रुपये ठरले, त्यांपैकी 18 हजार आगाऊ. या सर्व बोलण्यात त्याने एकदाही माप घेतले नाही, नळ्या सुट्या केल्या नाहीत, नळीच्या आत दिवा धरून पाहिले नाही. निदान आधी आणि तपासणी कधीच नाही, असा वैद्य असता तर मी उठून आलो असतो.

बंदूक दुकानात ठेवायची असे मी गृहीत धरले होते. परंतु दुकानात जागा नाही, यंत्र घरी आहे, असे सांगून त्याने मला आपल्या घरामागच्या शेडमध्ये नेले, आणि मी परवान्याची प्रत देऊन बंदूक तेथे ठेवली. पावती मागितली तेव्हा साध्या वहीच्या पानावर ‘लाकूडकाम व पॉलिश, 1 नग’ एवढेच लिहून मिळाले. शस्त्राचा क्रमांक नाही, बोअर नाही, काय बदलणार याचा उल्लेख नाही. शस्त्र कायद्याच्या कलम 5 नुसार दुरुस्तीसाठीही परवाना लागतो आणि दुरुस्तीसाठी आलेले शस्त्र जवळ ठेवण्यासाठीही तो लागतो. परवाना दुकानदाराचा होता, त्या शेडचा किंवा त्या माणसाचा नव्हता. शिवाय समोरच्याला शस्त्र बाळगण्याचा अधिकार आहे की नाही याची खात्री न करता ते त्याच्या ताब्यात देणे हा कलम 29 प्रमाणे देणाऱ्याचाही गुन्हा आहे. त्या दिवशी हे मला ठाऊक नव्हते. त्याला पक्के ठाऊक होते.

गणपतीपूर्वी देतो म्हणालेली बंदूक दसरा उलटला तरी आली नाही. 15 ऑक्टोबरला विधानसभा निवडणुकीची आचारसंहिता लागली आणि पुन्हा जमा करण्याचे पत्र आले. बंदूक परवान्यावर माझ्या नावे, ठाण्यात हजर करायची तारीख ठरलेली, आणि ती पडली आहे एका बिनपरवाना शेडमध्ये! मी फोनवर अक्षरशः विनवण्या केल्या. तेव्हा त्याचा सूर बदलला. काम अजून आठ दिवसांचे आहे, घाई असेल तर उरलेले 24 हजार रोख आणा आणि घेऊन जा, ठाण्यात काय सांगायचे ते तुम्ही पाहा, असे तो शांतपणे म्हणाला. मी पैसे दिले, खोळीत बांधलेली बंदूक उचलली आणि वाटेत कोठेही न थांबता ठाण्यात नेऊन जमा केली. तेथे क्रमांक परवान्याशी जुळवून पाहिला, तो जुळला. दुरुस्ती कशी झाली आहे, हे पाहण्याचे काम ठाण्याचे नव्हते, माझे होते.

डिसेंबरमध्ये, बागेत मोहोर दिसू लागला त्या सुमारास, ती परत आली. घरी आणून प्रथमच नीट हातात घेतली तर तोल बदललेला. दस्ता जड आणि नळीचे टोक हलके वाटू लागले. अर्ध्या तासात घामाने तळहात तांबूस झाला. तो अक्रोड नव्हता, रंग दिलेले साधे लाकूड होते. आजोबांच्या नावाची अक्षरे असलेली चांदीची पट्टी जुन्या दस्त्याबरोबर गेली होती. फोनवर विचारले तेव्हा जुना दस्ता जाळला, असे उत्तर मिळाले.

बिजागरीचे खरे कळायला मात्र दुसरा माणूस लागला. परवाना शाखेकडून बंदूक नेण्याची लेखी परवानगी घेऊन मी शेजारच्या जिल्ह्यातील एका वृद्ध कारागिराकडे गेलो. त्यांनी आधी आपला दुरुस्तीचा परवाना स्वतःहून माझ्यासमोर ठेवला, नोंदवहीत क्रमांक लिहिला आणि मगच बंदुकीला हात लावला. नळीखालचे लाकूड काढून त्यांनी मिटलेली बंदूक कानाजवळ धरून हलवली. मग पतंगाच्या कागदाची पट्टी नळ्यांच्या मागच्या तोंडाशी धरून बंदूक मिटली. पट्टी सहज ओढून निघाली, म्हणजे तेथे फट होती. नळ्या सुट्या करून बोटावर टांगल्या आणि टिचकी मारली. जोड शाबूत असलेल्या नळ्या घंटेसारख्या वाजतात. आमच्या नळ्यांतून मडक्यासारखा बद्द आवाज आला. शेडमध्ये त्या बहुधा तापवल्या गेल्या असाव्यात आणि दोन नळ्यांमधल्या पट्टीचा डाख (धातू वितळवून केलेला जोड) सुटला असावा, असे ते म्हणाले. बिजागरीच्या खिळीवर बसणारा नळीखालचा आकडा त्यांनी भिंगाखाली दाखवला. त्याच्या कडेला छिन्नीने ठोकून धातू फुगवला होता. अशी बंदूक काही दिवस घट्ट वाटते आणि थोड्याच बारांत पूर्वीपेक्षा सैल होते. योग्य रीत वेगळी आहे: आकड्यावर धातूची भर घालायची किंवा खीळ जाड बसवायची, आणि मग काजळी लावून, मिटून, उघडून, जेथे काजळी पुसते तेवढेच कानशीने घासत दोन्ही पृष्ठभाग सर्वत्र सारखे टेकेपर्यंत बसायचे. हे दिवसांचे काम आहे, तासाचे नव्हे.

सर्वांत वाईट बातमी फुकटच्या ‘सुधारणे’ची होती. नळ्यांच्या सपाट पाठीवर बर्मिंगहॅमच्या परीक्षणगृहाचे, म्हणजे नळ्या दाब सोसतात की नाही हे तपासणाऱ्या संस्थेचे, शिक्के आहेत आणि त्यांत घराची लांबी अडीच इंच कोरलेली आहे. काडतुसाची लांबी ते उडून उघडल्यानंतरची मोजतात, त्यामुळे भरलेले 70 मिलिमीटरचे काडतूस जुन्या घरात बिनबोभाट बसते. धोका बार उडताना असतो, कारण काडतुसाच्या तोंडाची घडी घराच्या पुढच्या निमुळत्या भागात उलगडते आणि दाब वाढतो. म्हणून घर वाढवणे सोपे वाटते. परंतु तसे करताना नळीची जाडी नेमकी तेथे कमी होते जेथे दाब जास्त असतो, आणि जुने शिक्के निरर्थक ठरतात. इंग्लंडमध्ये असे काम केल्यावर नळी पुन्हा परीक्षणाला द्यावी लागते. आमच्या बंदुकीच्या घरांत रीमर (भोक कापून मोठे करण्याचे हत्यार) तिरका चालल्याच्या रेषा स्पष्ट दिसत होत्या. कापलेले पोलाद परत लावता येत नाही.

दस्त्याची चीर दोन पितळी खिळे आणि सरस घालून हजार-दीड हजारांत बुजली असती, हेही त्यांच्याकडूनच कळले. तपासणीचे त्यांनी 200 रुपये घेतले आणि कोणते दोष आढळले ते क्रमांकासह लिहून, सही करून दिले. आपल्याकडचे बदललेले सुटे भाग ते गिऱ्हाइकाला चिठ्ठी बांधून परत करतात. फडताळात तशा चार-पाच पुरचुंड्या ठेवलेल्या दिसल्या.

त्या लेखी कागदाच्या आधारे मी पहिल्या माणसाकडे गेलो. तो हसला आणि म्हणाला, “काका, बंदूक दोन महिने ठाण्यात होती. गंज तिथला, सैलपणा तिथला. आणि माझ्याकडे बंदूक होती असं तुम्ही कुठं सांगणार?” माझ्या हातात ‘लाकूडकाम, 1 नग’ होते. दुकानदाराने तो आपला नोकर नसल्याचे सांगितले.

तीन आठवडे मी गप्प बसलो. त्यानंतर परवाना शाखेला जो अर्ज दिला त्यात शेड, रोख रक्कम, ती पावती आणि खात्री न करता शस्त्र ताब्यात देण्याची माझी चूक, सर्व लिहिले. चौकशी चालू आहे आणि मलाही दोनदा जबाबासाठी बोलावले आहे. बंदूक कपाटात बंद आहे. यंदा वानरांसाठी बागेत गोफण आणि फटाके वापरतो.