टूथफिश भारी की आपली इसवण?

माझा भाऊ बोटीवर कुक आहे, सुट्टीत घरी आला की म्हापशाच्या मार्केटात इसवणीच्या, म्हणजे सुरमईच्या, पोस्ता (कापलेले तुकडे) बघून हमखास म्हणतो, चिलियन सी बास खाऊन बघ मग बोल. आता तो सी बास वगैरे काही नाही हं, खरं नाव पॅटागोनियन टूथफिश, 1977 मध्ये अमेरिकेतल्या एका व्यापाऱ्याने खपावा म्हणून हे गोंडस नाव लावलं.

राहतो दक्षिणेकडच्या थंडगार समुद्रात, मोठे झालेले तर हजार मीटरच्याही खाली, आणि अंगात हवेची पिशवीच नाही त्यामुळे तरंगायला चरबी कामाला येते. म्हणूनच तो लोण्यासारखा लागतो आणि तव्यावर पाच मिनिटं जास्त राहिला तरी बिघडत नाही. इसवण असले लाड चालवून घेत नाही, जरा फोनवर बोलत बसलं की कोरडीठाक!

पण रेशाद, म्हणजे आपला गोव्याचा लाल तिखट-आंबट मसाला, लावून रवा फ्राय? भावाने एकदा टूथफिशचा करून बघितला, सगळा रवा तेलकट, तुकडा उलटताना सुटून आला. तिथे इसवणच पाहिजे, घट्ट मांसाची, मधे एकच काटा.

वाढीचं म्हणाल तर इसवण दोनेक वर्षांत अंडी घालायला तयार, टूथफिशला दहाएक वर्षं लागतात, जगतो मात्र 50 वर्षांपर्यंत. चोरट्या बोटींनी त्याची वाट लावली होती, आता अंटार्क्टिककडे कोटा आहे. आपल्याकडे जून-जुलै ट्रॉलर बंद, तेव्हा मी सुके बांगडे भाजते.

भाऊ पुढच्या वेळी फोटो पाठवतो म्हणालाय, फोटो काय चाटायचा?