धामापूरचं तळं की देवबागचा किनारा: सगळ्या घरासाठी घर घेताना

आईबाबा, मुलं, बहिणीचं कुटुंब असे सगळे मिळून चार-पाच दिवस कोकणात राहायचं, हॉटेलच्या वेगवेगळ्या खोल्या नकोत, एकच घर हवं, इथवर सगळ्यांचं लगेच जमतं. अडतं ते पुढे. घर समुद्रावर घ्यायचं की आत, तळ्याकाठी?

आम्ही दोन्ही करून पाहिलं आहे. मालवण तालुक्यातच एकदा देवबागला आणि नंतर धामापूरला. दोन्ही वेळा अकरा माणसं, दोन्ही वेळा दिवाळीनंतरचे दिवस. त्यामुळे हवामान आणि माणसं तीच, फरक फक्त जागेचा होता.

आधी जागा समजून घ्या. देवबाग म्हणजे एका बाजूला अरबी समुद्र आणि दुसऱ्या बाजूला कर्ली नदी, मधे माडांची चिंचोळी पट्टी. धामापूर मालवण आणि कुडाळच्या मधे, दोन्हीकडून साधारण १५ ते २० किलोमीटरवर, झाडीतलं गाव. तिथलं तळं माणसांनी बांधलेलं आहे. १५३० साली विजयनगरचे मांडलिक नागेश देसाई आणि गावकऱ्यांनी मातीचा बांध घालून ते उभं केलं. २०२० साली आंतरराष्ट्रीय सिंचन आणि जलनिस्सारण आयोगाने त्याला जागतिक वारसा सिंचन स्थळांच्या यादीत घेतलं. काठावर भगवती देवीचं मंदिर आहे आणि घाटाच्या पायऱ्या थेट पाण्यात उतरतात. लग्नकार्यासाठी देवीकडे दागिने मागितले की ते तळ्यातून परडीत वर येत आणि काम झालं की परत सोडायचे, ही कथा गावात अजून सांगतात. आईने ती मुलांना पायऱ्यांवर बसवून दोनदा सांगितली.

हा इतिहास घर भाड्याने घेणाऱ्यालाही माहीत असावा, कारण हे पाणी अजून वापरात आहे. त्यावर शेती-बागायत होते, मालवण शहराच्या नळालाही ते गेलेलं आहे. म्हणजे तळ्याकाठी घर घेतलं की पोहायला तलाव मिळाला, असं समजू नका. साबण लावून आंघोळ, कपडे, भांडी यातलं काहीही तिथे करायचं नाही. ज्यांच्या मुलांना दिवसभर पाण्यात डुंबायचंच आहे, त्यांनी देवबाग-तारकर्लीकडे जावं. तळ्याकाठी ती मुलं हिरमुसतील.

आता माझ्या मते ज्यावरून खरं ठरवायला हवं, ती गोष्ट. घर निवडताना सगळे संध्याकाळचे फोटो बघतात. मी म्हणते, दुपार बघा. बारा ते चार तुम्ही कुठे बसणार आहात?

देवबागला अकरा वाजता वाळू पायाला चटके देऊ लागली. सुरूची सावली विरळ, त्यामुळे सगळे आत आले. आत चार खोल्या आणि चार एसी, म्हणून चारही दारं बंद. मुलं मोबाइलवर, बाबा आडवे, आई एकटी खिडकीशी. एवढ्या लांब एकत्र राहायला आलो आणि दुपारचे चार तास कोणी कोणाला दिसलं नाही. घर चांगलं होतं, स्वच्छ होतं, पण बसायला मधली जागाच नव्हती.

धामापूरचं घर जुनं, जांभ्या दगडाचं, वर कौलं, पुढे लांब पडवी आणि खळं, म्हणजे अंगण. जेवणं झाली की सगळे आपोआप पडवीत यायचे. आत्या आडाळ्यावर नारळ खवत बसायची, बाबा भाच्याला माडाच्या हिरापासून केरसुणी कशी बांधतात ते दाखवायचे. समोरच्या झाडावर धनेशाची जोडी आली की सगळं बोलणं थांबायचं. चार दिवसांत बाबा माझ्याशी जितकं बोलले तितकं पुण्याच्या घरात वर्षभरात बोलले नसतील. हे तळ्यामुळे झालं की पडवीमुळे, असं कोणी विचारलं तर मी दोन्ही म्हणेन. किनाऱ्यावरची भाड्याची घरं मी पाहिली ती बहुतेक खोल्या-खोल्यांची नवी बांधकामं होती, आतल्या गावांत राहती जुनी घरं मिळण्याची शक्यता जास्त.

संध्याकाळ मात्र समुद्राची. तिथे तुलनाच नाही. ओल्या वाळूवर मुलं पळतात, वाऱ्यामुळे डास टिकत नाहीत, सूर्य पाण्यात बुडताना दिसतो. सकाळी रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढत असतील तर मुलांना दोराला हात लावायला मिळतो आणि तिथेच ताजे बांगडे, तारली विकत घेता येतात. तळ्याकाठी झाडीमुळे अंधार लवकर पडतो, सहानंतर डास येतात आणि दारं लावून घ्यावी लागतात. ज्यांना रात्री फिरायला जायची सवय आहे त्यांना ते कोंडल्यासारखं होईल.

धोका दोन्हीकडे आहे, पण वेगळा. कर्ली जिथे समुद्राला मिळते तिथे पाण्याला ओढ असते. संगमाच्या टोकाला मुलांना अजिबात उतरू देऊ नका, मोठ्यांनीही उतरू नये. तळं दिसायला निवांत, म्हणून लक्ष सुटतं. तिथे जीवरक्षक नसतो. भाचा पायऱ्यांवरून खाली निघाला तेव्हा घरमालकीण काकींनीच हाक मारली, “झिला, थंय उतरू नको हां, थंय खोल आसा.” चार-पाच वर्षांचं मूल असेल तर घर अगदी पाण्याला लागून घेण्यापेक्षा पाच मिनिटं चालत अंतरावरचं घ्या. आणि झाडीच्या गावात फुरसं हा विषारी साप असतो, तेव्हा संधिप्रकाशानंतर बूट आणि टॉर्चशिवाय खळ्याबाहेर जायचं नाही. रुग्णालयं मालवण आणि कुडाळला आहेत, जिल्हा रुग्णालय ओरोसला. घरापासून तिथे जायचा रस्ता पहिल्याच दिवशी बघून ठेवा.

जेवणात फार फरक पडला नाही. कोंबडी-वडे, काळ्या वाटाण्याची उसळ, घावणे, सोलकढी दोन्हीकडे उत्तम मिळाली. धामापूरला मासे हवे असतील तर आदल्या रात्री सांगून ठेवावं लागतं, ते बाजारातून आणतात.

महिना कोणता, हे घर ठरवण्याआधी ठरवा. पावसाळ्यात जलक्रीडा आणि सिंधुदुर्ग किल्ल्यावर जाणाऱ्या होड्या बंद असतात, जून-जुलैत यांत्रिक मासेमारीही बंद असते, आणि देवबागच्या पट्टीवर समुद्र अंगावर येतो. तेव्हा समुद्रावरच्या घराचे पैसे देऊन काय मिळणार? पावसाची आवड असेल तर त्या दिवसांत आतलं घर बरं, मात्र वीज दिवस-दिवस जाईल हे धरून चला. नाताळच्या आठवड्यात देवबागच्या अरुंद रस्त्यावर गाड्या अडकतात आणि शेजारच्या आवारातला डीजे रात्री उशिरापर्यंत ऐकावा लागू शकतो. आम्ही दिवाळीनंतर गेलो होतो तरी एक रात्र तो आमच्या वाट्याला आला आणि आईला झोप लागली नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, सलग सुट्ट्या टाळून, हा दोन्हीकडे सगळ्यात चांगला काळ.

भाड्याचा आकडा विचारताना तो पूर्ण घराचा की माणशी, जेवण धरून की वगळून, हे स्पष्ट करून घ्या, नाहीतर दोन घरांची तुलनाच होत नाही. तळ्याकाठी स्वतःची गाडी लागतेच. रिक्षा आयत्या वेळी मिळेल यावर विसंबू नका. मोबाइलला रेंज कधी असते कधी नसते, म्हणून रोख पैसे जवळ ठेवा.

आणि पाण्याचं विचारा. आमच्या धामापूरच्या मुक्कामात दुसऱ्या दिवशी सकाळी वीज गेली ती पाच तासांनी आली. इन्व्हर्टरवर दिवे-पंखे चालले, विहिरीचा पंप चालला नाही. माणशी १०० लिटर धरलं तरी अकरा जणांना दिवसाला १,१०० लिटर लागतं आणि वर टाकी होती १,००० लिटरची एकच. दुपारपर्यंत ती रिकामी झाली आणि मी नि माझा मेव्हणा विहिरीवर राहाटाने पाणी काढत होतो. मालकीण बाईंनी मदत केली, पण हे आम्ही आधी विचारायला हवं होतं. तसंच कमोड आहे का, न्हाणीघर घराला जोडून आहे का, उंबरे आणि पायऱ्या किती, हेही फोनवर विचारा. जुन्या घरात गुडघेदुखीच्या माणसाला दिवसातून दहा वेळा उंच उंबरा ओलांडावा लागतो.

घरात सत्तरीपुढचं माणूस आणि लहान मूल दोन्ही असेल तर मी तळ्याकाठचं घर घ्या असंच सांगेन. तिथून समुद्र तास-पाऊण तासावर आहे. सकाळी मुलांना मालवण किंवा तारकर्लीला नेऊन ऊन चढायच्या आत परत पडवीत येता येतं. देवबागला राहून तशी दुपार मिळवायला तुम्ही कुठे जाणार? सगळी मुलं दहाच्या पुढची आणि मोठी माणसं धडधाकट असतील तर मात्र सरळ समुद्रावर राहा.

यंदा आम्ही धामापूरला चार रात्री ठरवल्या आहेत, त्याच घरात. काकींनी दुसरी टाकी बसवली आहे. पाचवी रात्र देवबागला, कारण मोठ्या भाच्याला स्कूबा करायचं आहे. त्या रात्रीसाठी शोधलेल्या घराला पुढे मोठा व्हरांडा आहे, हे मी फोटो मागवून आधीच बघून घेतलं.