हातोडा, अंगठी, दोर, घड्याळ की झगा: सोलापुरात राहून काय घ्याल?

समजा, सुपरहिरोंच्या वस्तूंपैकी एकच मिळणार आहे. परत करता येणार नाही, बदलून मिळणार नाही, आणि ती घेऊन राहायचं सोलापुरातच. उन्हाळ्याच्या सुट्टीत पोरं यावरून हमरीतुमरीवर येतात आणि भांडण हमखास 'कोण जास्त ताकदवान' इथेच अडकतं. ताकद सगळ्यांतच भरपूर आहे हो. पाहायच्या त्या अटी. वस्तू कोणाच्या हातात चालते, किती वेळ चालते आणि कशापुढे बंद पडते, ते आधी विचारा.

आधी थॉरचा हातोडा, कारण सोलापूरकराचा हात पहिल्यांदा तिकडेच जाणार. १९६२ साली मार्व्हलच्या कॉमिक्समध्ये थॉर आला. त्याच्या हातोड्याला वीज, वादळ, पाऊस सगळं बोलावता येतं. पर्जन्यछायेतल्या गावाला आणखी काय हवं?

पण पाऊस पाडणार कुठे? होम मैदानावर उभं राहून हातोडा फिरवलात तर मैदानाचा चिखल होईल, नळाला मात्र थेंबही वाढणार नाही. शहराची तहान मुख्यतः उजनी धरणावर भागते आणि उजनी भरते ती पुणे जिल्ह्यातल्या, घाटमाथ्याकडच्या पावसावर. वरची धरणं भरून पाणी भीमेत आलं की इकडे जीव भांड्यात पडतो. म्हणजे हातोडा घेऊन जायचं भीमाशंकरच्या बाजूला. तिथे हात जरा जड पडला, तर उजनीतून विसर्ग वाढणार आणि पंढरपुरात चंद्रभागेचं वाळवंट पाण्याखाली जाणार. जास्त पाऊस म्हणजे काय, ते २०२५ च्या सप्टेंबरात सीना नदीकाठच्या लोकांनी पाहिलंच आहे.

त्यात वेळेचा प्रश्न. मंगळवेढ्याची ज्वारी रब्बीची. ती पेरणीच्या ओलीवर आणि थंडीवर पोसते, काढणीच्या तोंडावर पाऊस झाला की दाणा काळा पडतो. जानेवारीत हौसेने एक सर पाडलीत, तर द्राक्षबागांचे मालक पत्ता शोधत दारात येतील. एकाला हवा तेव्हा दुसऱ्याला नको, आणि हातोडा तुमच्या हातात. मला तरी हे पद नको.

शिवाय या हातोड्याचा मानवी अवतार सोलापुरात येऊन गेला आहे. २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यात पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी इथे कृत्रिम पावसाचा प्रयोग केला. विमानाला लावलेल्या नळकांड्या पेटवून कॅल्शियम क्लोराइडचे कण ढगांच्या तळाशी सोडायचे, त्यांवर पाणी धरतं, थेंब मोठे होतात. २७६ ढगांचा अभ्यास झाला. असे कण सोडलेल्या ढगांच्या वाऱ्याखालच्या सुमारे १०० चौरस किलोमीटरच्या पट्ट्यात सरासरी १८ टक्के पाऊस जास्त पडला, असा निष्कर्ष निघाला. अट एकच, पण कडक: मुळात तसा ढग असायला हवा. कोरड्या आभाळातून विमान काहीच काढू शकत नाही. हातोड्याला ती अट नाही, तो ढगही आणतो. तो ढग कोणाच्या वाट्याचा होता, हे मात्र कॉमिक्सवाले सांगत नाहीत.

आणि सगळ्यात मोठी अट, जो पात्र असेल त्यालाच हातोडा उचलता येतो. इथे सराव कामाचा नाही. सिद्धेश्वरांच्या यात्रेत नंदीध्वज पेलणारे यात्रेच्या कितीतरी आधीपासून सराव करतात, तेव्हा कुठे ती उंच काठी तोल न जाता गर्दीतून पुढे जाते. घाम गाळला की ती पात्रता येते. हातोडा घामाला विचारत नाही. तुम्ही पात्र नसलात आणि तो सात रस्ता चौकात मधोमध पडला, तर क्रेन आणूनही हलणार नाही. भोवती कठडा बांधून कारंजं बसवावं लागेल.

आता अंगठी. ग्रीन लँटर्न या कॉमिक्समधल्या नायकाची घ्यायची तर कोणत्या सालची, ते आधी नक्की करा. १९४० च्या पहिल्या ग्रीन लँटर्नची अंगठी लाकडापुढे चालत नसे. अख्खा हातमाग लाकडाचा, तेव्हा विणकरांच्या गावात ती काय कामाची! १९५९ साली आलेल्या दुसऱ्या ग्रीन लँटर्नची, हॅल जॉर्डनची घ्या. मनात आणाल ती वस्तू ही अंगठी हिरव्या प्रकाशातून घडवते. जुन्या गोष्टींत तिच्या दोन अटी होत्या. दर २४ तासांनी कंदिलाला लावून ती भरून घ्यायची, आणि पिवळ्या रंगावर तिचं काही चालत नाही.

पहिली अट मोबाइलमुळे अंगवळणी पडलेली आहे. दुसरी ऐकली आणि मला थेट बाळे गावचा खंडोबा आठवला. चंपाषष्ठीला तिथे भंडारा उधळला जातो, माणसं डोक्यापासून पायापर्यंत पिवळी. त्या गर्दीत कोणी चेंगरायला लागलं, तर तुमची अंगठी त्याला उचलूही शकणार नाही. तेवढा दिवस सोडला तर वर्षभर अडचण नाही.

मात्र अंगठीने घडवलेली वस्तू तुमचं लक्ष असेपर्यंतच टिकते. उजनीपासून इथपर्यंत शंभरेक किलोमीटरची हिरवी जलवाहिनी टाकाल खरी, पण डुलकी लागली की पाणी वाटेतच रानात. कायमच्या कामाला ही वस्तू नाही. तात्पुरत्या कामाला हिच्यासारखी दुसरी नाही. मे महिन्यात पारा ४३-४४ वर गेलेला असताना दुपारी नवी पेठेवर हिरवं छत धरा. हातगाडीवाले, भाजीवाल्या, गिऱ्हाईक सगळे त्याखाली. यावर एखादं चौकस पोरगं विचारेलच, "ऊन तर पिवळं असतं की ओ, मग अडणार कसं?" ऊन पांढरं असतं, पिवळा हा त्यातला एक रंग. तेवढा गळून खाली आला तरी बाकीचं अडेल.

वंडर वुमनचा दोर पाहून वाटतं, गावातले निम्मे प्रश्न सुटले. ही नायिका विल्यम मार्स्टन या मानसशास्त्रज्ञाने १९४१ साली निर्माण केली. खोटं बोलताना रक्तदाब बदलतो का, यावर त्याने स्वतः काम केलं होतं. सुरुवातीच्या गोष्टींत दोरात अडकलेला माणूस सांगाल ते ऐकायचा, पुढे हा दोर खरं बोलायला लावणारा म्हणून ओळखला गेला. पण खरं म्हणजे बोलणाऱ्याला जे खरं वाटतं ते. चादर विकणाऱ्याला बांधून विचारलंत, "सोलापुरीच आहे का?" तर तो मनापासून "हो" म्हणेल, कारण त्याला माल देणाऱ्याने तसंच सांगितलेलं असतं. सोलापुरी चादरीला जीआय मानांकन, म्हणजे माल त्याच भागातला असल्याची कायदेशीर ओळख आहे, तेव्हा दोरापेक्षा लेबल आणि वजन पाहिलेलं बरं. पाणी सोडणाऱ्या चावीवाल्याला बांधून "उद्या पाणी कधी?" विचारलंत, तरी उत्तर येईल, "मला पण सांगत नाहीत बे." शिवाय घरात असा दोर असला की घरचेही एकमेकांना बांधायला लागतील. 'भाकरी कशी झाली' या प्रश्नाचं खरं उत्तर कोणाला हवंय?

१९८७ च्या 'मिस्टर इंडिया'तलं घड्याळ तसं जादूचं नाही, शास्त्रज्ञाने बनवलेलं आहे. पण या वादात ते नसलं तर पोरं खेळणार नाहीत. घातलं की माणूस दिसेनासा होतो, लाल प्रकाशात मात्र दिसतो. आपल्या रस्त्यांवर दिसणाऱ्या माणसाला चुकवताना गाड्यांची तारांबळ उडते, न दिसणाऱ्याला कोण चुकवणार? रिक्षाही थांबणार नाही. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वरांच्या यात्रेतल्या जत्रेच्या गर्दीत तर विचारूच नका.

डॉक्टर स्ट्रेंज या कॉमिक्समधल्या जादूगाराचा झगा उडतो, नुसत्या मनातल्या इच्छेवर वळतो. उन्हाळ्यात तो पाठीवर घेणं अवघड. हुतात्मा एक्सप्रेसचं तिकीट मिळालं नाही आणि पुण्यातल्या लेकाला शेंगाचटणी पोचवायची आहे, तर ठीक.

मी अंगठी घेईन. शेतकऱ्याच्या घरात हातोडा मागणारे निघतील, त्यांनी आधी शेजारच्या बागवाल्याला विचारावं. दोर वकिलाने तर मुळीच घेऊ नये, अशील पळून जातील. आणि ज्याला रोज रात्री कंदील आठवण्याचा कंटाळा आहे, त्याने झगा घ्यावा. अटी सगळ्यात कमी त्याच्याच, उपयोगही.