शटरच्या रिमोटसाठी नागपूरच्या बर्डीतलं (सीताबर्डी) दुकान, काम एकदम चोख
मनीषनगरातल्या घराच्या गॅरेजला मोटरवालं शटर आहे, त्याचा एक रिमोट हरवला. शटरवाल्यांचा माणूस फोनवरच म्हणे अख्खा रिसिव्हर (रिमोटचा सिग्नल पकडणारा भाग) बदला, बर्डीतला हा दुकानवाला भाऊ म्हणाला आधी उरलेला रिमोट दाखवा. बरं झालं ना, कारण आमचा निघाला रोलिंग कोडवाला, म्हणजे बटण दाबलं की दर वेळी कोड बदलतो, त्याची साध्या कॉपी रिमोटवर नक्कल होत नाही, फिक्स कोडवाल्याची होते. मग त्याचा पोरगा घरी आला, स्टूलवर चढून मोटरचं झाकण काढलं, लर्न बटण (रिमोट जोडायचं) लाइट विझेपर्यंत दाबून धरलं आणि सगळे जुने रिमोट मेमरीतून उडवले, म्हणजे हरवलेला कोणाच्या हाती लागला तरी शटर उघडणार नाही! मग लर्न एकदा दाबून नव्या रिमोटचं बटण, लाइट लुकलुकली, झालं काम. उरलेला जुनाही त्यानं आपणहून परत जोडून दिला. पैसे जरा जास्तच घेतले अन् यायला पार संध्याकाळ केली, पण मे महिन्यात नागपुरात दुपारी कोणाला बोलावणार बापा. रिमोटचा 12 व्होल्टचा सेल तेवढा बाहेरून घ्या, स्वस्त पडतो.